एक हजार एक नंबरचा निमंत्रक

साधनाला रूपचंदशेठनी कामावरून काढून टाकलं.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही, असं समजा. शेठही तसंच समजतात.

घटना मात्र खरी आहे. साधना माझी मावसबहीण, घाटघरची. मला खोटंच सांगायचं असतं तर रात्र निवडली असती, अमावस्या निवडली असती. पण हे घडलं वारूळवाडीत, वैशाखातल्या एका मंगळवारी, भर दुपारी, समोरच्या गुऱ्हाळात रस निघत असताना. आमच्या भागात भुतांना तसाही भाव उरलेला नाही. लोकांची सगळी भीती बिबट्यानं नेली.

तर...

शेठचं लग्नपत्रिकांचं दुकान. आत तीन कॉम्प्युटर, ते सांभाळायला साधना. शेठची मुलगी सिद्धी डिझाइन करते ते मॅक. छपाईच्या मशीनला जोडलेलं विंडोज. आणि कोपऱ्यात सगळ्या फायली सांभाळणारं जुनं लिनक्स, त्याला सगळे 'डबा' म्हणतात. तिघांची घराणी वेगळी, बोली वेगळी. एकाची फाईल दुसऱ्याला दिसायची तर मध्ये एक ठरलेली रीत लागते.

रीती दोन. एसएमबी दारात अडवते, नाव विचारते, पासवर्ड विचारते, मग आत घेते. एनएफएस फक्त नंबर बघते. कॉम्प्युटर ओळखीचा आहे? नंबर आहे? मग या, बसा.

कुशाबा काकडे वीस वर्षं त्या दुकानात पत्रिकांचा मजकूर लावायचे. डबा त्यांनीच बसवला, एनएफएस त्यांनीच लावलं आणि स्वतःला नंबर घेतला एक हजार एक. पौषात ते पिंपळवंडीला घरी झोपेतच गेले. तेराव्यानंतर शेठच्या सांगण्यावरून साधनानं डब्यातून त्यांचं नाव काढलं.

नाव गेलं. त्यांच्या फायलींवर नुसता आकडा उरला.

१००१.

त्या मंगळवारी पत्रिका होती कुशाबांच्याच मुलीची, हर्षालीची. घरात मयत झालेलं, म्हणून वर्षाच्या आत लग्न उरकायचं होतं. निमंत्रक चुलते सावळेराम. आणि खाली, 'कै.' मंडळींच्या रांगेत, कुशाबा. चार वाजता छपाई. आधीच्या आठवड्यात दोन पत्रिका चुकल्या होत्या, म्हणून शेठनी सकाळीच सुनावलं होतं, "ही चुकली तर वायरी उपटतो अन् परत पेनड्राइव्हवर येतो. तू घाटघरची एसटी धर."

बाराला पाच कमी. लाईट गेली. डबा बॅटरीवर, मॅक बॅटरीवर. छपाईचं विंडोज बंद पडलं.

सिद्धी जेवायला घरी गेली होती. दुकानात साधना एकटी. तिनं मॅकवर पत्रिका उघडली.

'ही फाईल दुसऱ्याकडे उघडी आहे. फक्त वाचता येईल.'

दुसरं कोण?

तिनं डब्याला विचारलं. डब्यानं उत्तर दिलं...

वापरणारा : १००१. कॉम्प्युटर : छपाई.

तिनं मागं वळून पाहिलं. छपाईचा पडदा काळा. खुर्ची रिकामी.

आणि त्या रिकाम्या खुर्चीवरून...

पट. पट.

तळहातावर तंबाखू मळून दिलेल्या दोन थापा. कामाला बसायच्या आधी कुशाबा द्यायचे, अगदी तशाच.

दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. साधना म्हणाली, "अण्णा, दुकानात तंबाखू बंद हाय. शेठनी पाटी लावलीय."

थापा थांबल्या. फाईल सुटली.

तिनं उघडून पाहिली... खालच्या रांगेत कुशाबा नव्हते. वर, निमंत्रकांत पहिलं नाव : कुशाबा काकडे. सावळेराम दुसऱ्या नंबरवर.

तिनं नाव खाली नेलं. पुन्हा उघडलं.

वर.

खाली नेलं.

वर.

"अण्णा, तुमी वारलाय."

वर.

साडेबाराला शेठ आले. रसाचा ग्लास हातात. सगळं ऐकलं, रस संपवला, मग बोलले.

"वारलेला माणूस आत येतोच कसा?"

"आपलं एनएफएस नंबर बघतं, शेठ. नाव इचारीत न्हाई."

"मग विचारणारं लाव! त्यांच्या नावाचं खातंच नाही, तर येईल कुठून?"

साधनानं एसएमबी लावलं. सगळ्यांना नावं दिली, पासवर्ड दिले. एनएफएस बंद. कुशाबांचं नाव खाली नेलं.

खालीच राहिलं.

पाच मिनिटं... दहा मिनिटं... काही नाही.

"बघ," शेठ म्हणाले. "भूत म्हणजे नुसती सेटिंगची चूक."

आणि तेवढ्यात...

पट. पट.

आता आवाज खुर्चीवरून नव्हता. दाराच्या काचेपलीकडून होता. बाहेर रणरणतं ऊन. माणूस एकही नाही.

काचेचं दार उघडलं. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन हर्षाली आत आली, पत्रिका तपासायला. तिनं मागं वळून पाहिलं.

"भर उन्हात बाहेर कुणाला उभं केलंय?"

"कुणाला नाही," शेठ घाईनं म्हणाले.

"मग मला दार कुणी धरलं?"



साधना उठली आणि डब्यासमोर जाऊन बसली.

"काय करतेस?"

"एनएफएस लावतीय."

"साधना, मी सांगतोय..."

"वीस वर्षं या माणसानं सगळ्या तालुक्याच्या पत्रिका लावल्या, शेठ. अन् पोटच्या पोरीच्या पत्रिकेला त्यांना उन्हात उभं करून पासवर्ड इचारायचा? जमणार न्हाई."

"काढून टाकीन तुला!"

"काढा. चार वाजेपर्यंत तर हाय ना?"

तिनं एनएफएस लावलं.

दार हळूच उघडलं... आणि मिटलं. खुर्ची करकरली.

हर्षालीनं पाण्याचा तांब्या भरला आणि खुर्चीसमोर ठेवला.

नाव वर कधी गेलं, ते साधनानं पाहिलं नाही. तिनं मुद्दाम पाठ फिरवली होती.

लाईट आल्यावर शेठनी तिला काढल्याचं पत्र टाइप करून डब्यात ठेवलं. साधनानं पाचशे पत्रिका छापल्या. पत्र अजून छापता आलेलं नाही. ते रोज कोणाकडे तरी उघडं असतं.

साधना अजून तिथंच आहे. बाराच्या ठोक्याला मागं बघत नाही. परवा १००१ नं एक नवी फाईल केलीय. फाईलचं नाव 'साधना'. तिनं ती उघडलेली नाही. घाबरत नाही, म्हणते. वेळ नाही, म्हणते.

हर्षालीचं लग्न झालं. विवाहनोंदणीला पत्रिका जोडावी लागते. मृत्यूच्या नोंदीही खिडकीवरचा तोच माणूस ठेवतो; त्यानं नावावर बोट ठेवलं. निमंत्रक तर पौषातच मयत! पत्रिका बदलून आणा.

"बदलणार न्हाई," हर्षाली म्हणाली.

मग तिच्याबरोबर गेलेल्या साधनानं तिथंच कागद मागून घेतला आणि अर्ज लिहून दिला. माझ्याकडे त्याची झेरॉक्स आहे.

'विषय : हयातीचा दाखला मिळणेबाबत.

महोदय, मौजे पिंपळवंडी येथील कुशाबा काकडे हे मयत असून रोज दुपारी बारा ते एक कामावर हजर असतात. तरी सदर वेळेपुरता त्यांना हयातीचा दाखला देण्यात यावा. पडताळणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांना नाव विचारू नये, फक्त नंबर विचारावा, ही नम्र विनंती.'