पोटरीवरची बोटं

ढाब्यांवरची स्वच्छतागृहं नकोत म्हणून मधुमतीबाई नाशिकहून जयपूरपर्यंत गाडीत नुसत्या बसून, घोटभर पाण्यावर आल्या. वैशाली नगरच्या घरात पोचल्यावर डावा पाय जड वाटतोय, एवढंच लेकाला म्हणाल्या. सून मैत्रेयी छातीविकारांची डॉक्टर होती, पण घरच्या डॉक्टरला विचारतो कोण?

तिसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला घरी आली, तर सासूबाई पलंगावर बसून धापा टाकत होत्या. वरुणच्या मते हा दालबाटीचा गॅस होता. तो तिळाचं तेल घेऊन आईची पोटरी चोळायला बसला होता, पण वाटी दोनदा लवंडली होती आणि आता तो वैतागून फरशी पुसत होता.

"ती चोळू देत नाहीये," मधुमतीबाई म्हणाल्या. "सकाळपासून पाय घट्ट धरून बसलीय. हात गार आहेत गं तिचे."

मैत्रेयीने असलं काही आयुष्यात मानलं नव्हतं. तिने साडी वर सारली. पोटरी सुजून तकतकत होती, आणि त्या सुजेत चार बोटांचे नि एका अंगठ्याचे खोल खड्डे होते. बोटं बारीक होती. वरुणची तर नक्कीच नव्हती.

विचार करत बसायला वेळ नव्हता. नाडी धावत होती, ऑक्सिजन घसरला होता, खोल श्वास घेतला की छातीत कळ येत होती. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात चढली होती.

"पायाला हात लावू नकोस," तिने वरुणला बजावलं. "चोळलास तर उरलेलीही वर जाईल. गाडी काढ."

सी-स्कीम भागातल्या तिच्या हॉस्पिटलात तिने स्कॅनची वाट न बघता रक्त पातळ करणारं इंजेक्शन दिलं. स्कॅनने तिचंच म्हणणं खरं ठरवलं.

मग रक्तदाब कोसळला.

मैत्रेयीने लगेच निर्णय घेतला. गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून सुरू झालं.

हळूहळू रक्तदाब चढला. धाप बसली.

जिंकली होती ती, आणि तिला ते ओरडून सांगावंसं वाटत होतं. पायाची सोनोग्राफी केलेला डॉक्टर निलय मात्र अजून त्या चित्राकडेच बघत होता. पोटरीच्या वरच्या शिरेत वीतभर गुठळी सुटी लोंबत होती.

"ही वर गेली असती तर त्या गाडीतच संपल्या असत्या," तो म्हणाला. "ही थांबली कशी, मॅडम?"

सकाळी मधुमतीबाई उशीला टेकून चहा मागत होत्या, तोही आल्याचा. मैत्रेयीने त्यांना मिठीच मारली. पोटरीवरचे खड्डे भरून आले होते. रात्रभराचा शीण आता तिला जाणवला आणि ती खुर्चीकडे वळली.

"तिथे नको," सासूबाई हळूच म्हणाल्या. "ती आत्ता कुठे टेकलीय."

खुर्ची रिकामी होती. रेक्झिनची गादी मात्र मधोमध खोल दबलेली होती.