खुणेखालची डहाळी

"पार्थ, सॅकमध्ये दगड भरलेस की काय?" ज्योतीमावशीने त्याची सॅक उचलली आणि धपकन खाली ठेवली.

"दगड नाही, फराळ!" पार्थ म्हणाला. "चकल्या कुठे ठेवू मग?"

"पोटात!" निकिता आणि पंकजा एकदम ओरडल्या.

दिवाळीची सुट्टी लागली आणि सावेडीतली ही तिघं सॅका पाठीला लावून निघाली. पंकजा आणि निकिता आठवीत, एकाच बाकावरच्या. पार्थ हा पंकजाचा धाकटा भाऊ, सहावीतला. खातो भरपूर आणि बोलतो त्याहून भरपूर! मावशी अकोले तालुक्यातल्या शाळेत शिकवायची आणि तिथले सगळे डोंगर तिने पायाखाली घातले होते. यंदा पठारावरून खिंडीत उतरायचं आणि तिथून पुढे थेट हरिश्चंद्रगड गाठायचा, असा बेत ठरला होता. पप्पांनी मात्र बजावलं होतं, "वाटेत जराशी गडबड झाली, तर मिळेल त्या एसटीने घरी!"

कालची रात्र त्यांनी पठारावरच्या रंगुआजीच्या झापात काढली होती. झाप म्हणजे कुडाचं, गवताने शाकारलेलं घर. काल चढणीवर आजी सोबत होती. वाटेत खुणेचे दगड लागायचे, दगडावर दगड ठेवलेले. अशी खूण आली की आजी वरचा दगड उचलायची, खाली एक हिरवी डहाळी सारायची आणि मगच पुढे जायची.

"आजी, हे कशाला?" पार्थने विचारलं होतं.

"वाटंला हिरवं द्यावं, बाळा. मंग वाट रुसत न्हाई. इथून जानारा परतेक जन ठिवतो. खिंडीपातूरच्या खुनांना मी कालच ठिवून आले, म्हशी चारायला गेल्ते तवा."

"वाट काय लहान बाळ आहे रुसायला?" पार्थ फिदीफिदी हसला होता. मावशीने डोळे वटारले तेव्हा कुठे गप्प बसला.

आता सकाळी चौघं निघाली, तर पठारावर हे दाट धुकं!

"नियम काय?" मावशीने विचारलं.

"खुणेपाशी थांबायचं. मागचा माणूस दिसल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही!" तिघांनी पाढा म्हटला.

"आणि पठाराची उजवी कड?"

"म्हणजे कोकण!" पार्थ म्हणाला. "पाय घसरला तर तिकीट न काढता थेट खाली!"

थोडं चालतात तोच मागून गलका ऐकू आला. पठारावर निळे तंबू ठोकून काल गाणी वाजवणारी हीच ती मंडळी. सगळ्यांच्या पुढे होते कॅम्पवाले अंगदराव. धुक्यातसुद्धा गॉगल लावलेला!

"बाजूला व्हा, बच्चेकंपनी!" ते म्हणाले. "आम्हाला खिंड गाठायचीय."

"वाटाड्या नाही घेतलात?" मावशीने विचारलं.

"वाटाड्या कशाला? खुणा आहेत ना! दगडावर दगड दिसला की चालत सुटायचं." आणि ते खरोखरच चालत सुटले. मागे सातआठ मोठी माणसं आणि आपल्या बाबांचं बोट धरलेली चिमुकली सुकन्या. बघता बघता सगळी धुक्यात दिसेनाशी झाली.

मुलंही खुणांवरून निघाली, सगळ्यांत मागे मावशी. पण जरा पुढे गेल्यावर पंकजा थबकली.

"निकिता, या खुणा बघ. कालच्या खुणा कशा ओबडधोबड होत्या. आणि ही बघ! नीट रचलेली, वर गोटासुद्धा बसवलाय!"

"आणि किती जवळजवळ आहेत!" निकिता म्हणाली. मग तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. तिने वरचे दगड उचलून पाहिले. "डहाळी नाही!"

पुढच्या खुणेखाली? तिथेही नाही! तिघं आल्या पावली मागे फिरली. मागच्या ओबडधोबड खुणेखाली मात्र जांभळाची हिरवीगार डहाळी होती. पार्थने डावीकडे धुक्यात डोळे ताणले. "ती बघा! तिकडे अजून एक आहे!" मावशी येऊन पोचलीच होती. तिचा हात धरून तिघं तिथवर गेली. त्या दगडाखालीही डहाळी होती.

"म्हणजे खरी वाट डावीकडे," पंकजा म्हणाली. "आणि ती सगळी माणसं उजवीकडे गेलीत!"

उजवीकडे कोकण होतं. सुकन्याही तिकडेच गेली होती.

मावशीचा चेहरा उतरला. "अहो, थांबा! पुढे कडा आहे!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"ताई, आम्ही खुणा बघूनच चाललोय!" धुक्यातून अंगदरावांचा आवाज आला. "उगाच घाबरवू नका लोकांना!"

आता काय करायचं? धावत सुटावं तर आपणच कड्यावरून जाऊ. पंकजाला एकदम कालची गाणी आठवली आणि ते सारखे चमकणारे मोबाईल. तिने तोंडाशी हातांचा कर्णा केला.

"काकाऽऽ! धुक्यात रील काय भारी येईल! सगळे जागच्या जागी पुतळे व्हा! हलेल तो आऊट!"

"आम्ही आलोच शूटिंगला!" पार्थने सूर मिसळला. "फराळाचं बक्षीस!"

आणि काय आश्चर्य! पावलं थांबली. खसखस पिकली. "ए, हलू नकोस रे!" कुणीतरी म्हणालं. कड्याला न थांबणारी माणसं रीलसाठी थांबली!

मावशी पुढे आणि तिचा हात घट्ट धरून मुलं मागे, अशी ती काठीने जमीन चाचपत गेली. अंगदराव एक पाय उचलून पुतळा झाले होते. पार्थने एक दगड उचलून त्यांच्या पलीकडे भिरकावला.

आवाजच आला नाही.

कुणी हसेना. तेवढ्यात वारा सुटला, धुकं फाटलं आणि अंगदरावांच्या पुढ्यात चारदोन पावलांवर गवत संपलेलं दिसलं. त्याच्यापुढे नुसतं आभाळ! अंगदरावांनी उचललेला पाय हळूच मागे टेकला.

"बाबा," सुकन्या म्हणाली, "काल सूर्य बुडताना आपण इथेच दगडांचे मनोरे केले होते ना? फोटोसाठी?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. काल कॅम्पवाल्यांनीच वाटेपासून कड्यापर्यंत हौसेने मनोरे रचले होते आणि आज धुक्यात त्यांनाच खुणा समजून चालले होते.

"रचा, छान दिसतात, असं मीच म्हणालो," अंगदराव पुटपुटले. गॉगल काढून त्यांनी खिशात घातला. "पोरांनो, तुम्ही नसतात तर..." सुकन्याच्या बाबांनी तिला उचलून छातीशी धरलं.

मग सगळ्यांनी मिळून एकूणएक मनोरे मोडले आणि डहाळ्यांच्या खुणा धरून खिंड गाठली. गळ्यातल्या घंटा वाजवत रंगुआजीच्या म्हशी मागून आल्या आणि त्यांच्यामागे आजीही. सगळी हकीकत ऐकून आजीने तिघांच्या गालांवरून हात फिरवत कडाकडा बोटं मोडली.

"आमी आपलं देवाधर्माचं म्हनून ठिवतो. तुमी त्यातनं मानसं वाचवली! लई गुनाची पोरं!"

खिंडीत मोबाईलला रेंज आली. मावशीने पप्पांना फोन लावला. "गडबड झाली होती भाऊजी, खोटं नाही बोलणार. पण ती या तिघांनीच निस्तरली. मी यांच्याबरोबर कुठेही जाईन!" तिने सगळं सांगितलं. मुलांनी फोनला कान लावले.

"मग हरिश्चंद्रगडावरून फोन करा," पप्पा म्हणाले.

"हुर्रेऽऽ!"

सगळ्यांनी सॅका उचलल्या. पार्थ मात्र खिंडीतल्या खुणेपाशी वाकला होता. डहाळी तर त्याने ठेवलीच, शेजारी एक चकलीही ठेवली.

"हे काय रे?" निकिताने विचारलं.

"काल मी वाटेला हसलो ना," पार्थ हळूच म्हणाला. "तरी ती रुसली नाही."