आजीची गाडी येईपर्यंत

ही गोष्ट माझ्या सख्ख्या भावाची आहे आणि मी स्वतः तिथे होते. पटली तर पटली. मला आता कुणाशी हुज्जत घालायची ताकद राहिलेली नाही.

आणि हे रात्री घडलं नाही. भर दुपारी घडलं, जानेवारीच्या उन्हात, आमच्याकडे तेव्हा ऐन उन्हाळा असतो, सांतियागो देल एस्तेरो प्रांतात. आमच्याकडे म्हातारी माणसं पोरांना रात्रीची भीती घालत नाहीत, दुपारची घालतात. जेवून सगळे आडवे झाले की घराबाहेर पडायचं नाही. ती वेळ आपली नसते, म्हणतात.

मी हसायचे त्यांना.

माझं नाव मिर्ता. रोसारिओ शहरात शिवणकाम करते. माझा थोरला भाऊ नेस्तोर, मी त्याला दादाच म्हणायचे, तो तिथेच बस चालवायचा. माणूस एक नंबरचा बोलघेवडा, आणि डोक्यावर आयुष्यभर पाटी: 'चालकाशी बोलू नये.' वहिनी आधीच गेली होती. मूलबाळ नव्हतं. ज्या दिवशी तो निवृत्त झाला त्याच दिवशी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"मिर्ते, चल. आता मी सगळ्यांशी बोलणार."

जुनी व्हॅन घेतली. मागे झोपायला दोन फळ्या ठोकल्या आणि निघालो. वर्ष उलटून गेलं तरी घराचं नाव नाही! दादाला धबधबे नकोत, देवळं नकोत. दारात कुणी निवांत बसलेलं दिसलं की याचा पाय ब्रेकवर. मेंढ्यांची लोकर कापणारे, गॅसच्या टाक्या वाटणारा, वाळत घातलेल्या कपड्यांची राखण करत बसलेली कुणी बाई... याला सगळे सारखेच.

"दादा, तुला स्टूल दिसलं की तू चिकटतोस," मी म्हणायचे.

"आणि तुझ्या पायाला भिंगरी आहे. बस की जरा, मिर्ते!"

खरं सांगते, मी चिडायचे, पण मला ते आवडायचं. संध्याकाळी व्हॅनच्या दारात पाय सोडून आम्ही दोघं बसायचो. समोर माळ, वारा, आणि बोलायला काहीच नाही. तेवढं सुख मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

आता माटेबद्दल, आमच्या चहासारख्या पेयाबद्दल, सांगायला हवं. भोपळ्याचं छोटं भांडं, त्यात कडू हिरवा पाला, वरून गरम पाणी. नळी एकच, सगळ्यांना मिळून. एकजण ओतून देतो, आपण ओढायचं आणि भांडं परत द्यायचं. परत देताना 'धन्यवाद' म्हटलं की त्याचा अर्थ, मला पुरे, मी उठतो. नाही म्हटलं तर तो ओततच राहणार. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

तर त्या दुपारी व्हॅनचं इंजिन तापलं. वाफा यायला लागल्या. आम्ही थांबलो ती जागा म्हणजे लोस मिस्तोलेस नावाचं एक बंद पडलेलं स्टेशन. रुळांवर गवत, छपराला भोकं. तिथली रेल्वे बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती.

इंजिन थंड होईपर्यंत मी मागे फळीवर लवंडले. बाहेर झाडांवरचे किडे नुसते कान किटवत होते.

जाग आली ती आवाजानं नाही...

आवाज थांबला म्हणून आली.

एकही किडा ओरडत नव्हता. वारा नाही. पान हलत नव्हतं. आणि दादा व्हॅनमध्ये नव्हता.

"दादा?"

मग स्टेशनाच्या मागून आवाज आला...

सुर्रर्र.

भांड्यातला शेवटचा घोट नळीनं ओढताना होतो ना, तो. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सापडलं याला कुणीतरी.

मागे झाडाखाली एका वेताच्या खुर्चीत म्हातारी बसली होती. ठेवणीतले कपडे, पॉलिश केलेले काळे बूट, पायाशी दोरीनं बांधलेली पेटी. समोर खोक्यावर दादा, अगदी खुशीत.

"ये मिर्ते! या आजी मुलाकडे निघाल्यात. गाडीची वाट बघतायत."

मी रुळांकडे पाहिलं. दोन रुळांच्या मधे माझ्या मांडीएवढ्या जाडीचं झाड उगवलेलं. मी दादाला डोळ्यांनी खुणावलं. त्यानं हळूच मान हलवली. म्हातारपण आहे, बोलू नकोस.

म्हातारीनं माझ्यापुढे भांडं धरलं. नाही कसं म्हणणार? मी घेतलं. पाणी इतकं कढत की जीभ पोळली. मग मी किटलीकडे पाहिलं...

किटली जमिनीवर होती. खाली विस्तव नव्हता. राखसुद्धा नव्हती.

"धन्यवाद, आजी," मी घाईघाईनं भांडं परत दिलं. "निघायचंय आम्हाला."

"एकच?" म्हातारी माझ्याकडे न बघता म्हणाली. "सगळे असंच करतात. एक घोट, धन्यवाद, आणि चालले."

दादाला असलं ऐकवत नाही. कधीच ऐकवलं नाही.

"मी आहे ना, आजी. तुमची गाडी येईपर्यंत बसतो मी."

तेव्हा तिनं पहिल्यांदा नीट वर पाहिलं. हसली.

"शब्द दिलास हं, पोरा."

ती ओतत होती, तो ओढत होता. मी बघत होते. ती किटली पुन्हा भरतच नव्हती, आणि पाणी संपतच नव्हतं. माझी नजर सहज मागच्या भिंतीवर गेली. माझी सावली होती. दादाची होती. खुर्चीचीही होती...

रिकाम्या खुर्चीची.



"दादा, ऊठ. धन्यवाद म्हण आणि ऊठ."

"बस गं. याचसाठी तर घर सोडलं आपण."

"तो म्हणत नसेल तर मी म्हणते!" मी ओरडले. "त्याच्या वतीनं धन्यवाद!"

"ज्यानं घेतलं त्यानं म्हणायचं असतं, बाई," म्हातारी शांतपणे म्हणाली.

मी दादाची कॉलर धरली आणि त्याला फरफटत व्हॅनपर्यंत आणलं. तो आला, पण मान मागे वळवून. एवढ्या उन्हात त्याचं अंग थंडगार होतं. इंजिन सुरू झालं आणि सगळे किडे एकदम ओरडायला लागले.

पुढच्या पेट्रोल पंपावर एक माणूस होता. कुठून आलात म्हणाला, मी सांगितलं. पेट्रोल भरता भरता त्याचा हात थांबला.

"आजी भेटली?"

मी मान हलवली.

"धन्यवाद म्हणालात ना दोघं?"

"मी म्हणाले. हा नाही."

त्यानं वाकून दादाकडे पाहिलं.

"मग आत्ताच्या आत्ता परत जा. म्हणायला लावा त्याला." एवढं बोलून तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत.

आम्ही परत गेलो. खुर्ची तिथेच होती. एक पाय मोडलेली, वेत कुजलेला, आतून काटेरी झुडूप वर आलेलं. म्हातारी नाही. किटली नाही.

"म्हण, दादा. नुसतं म्हणून टाक. तुझ्या पाया पडते."

दादानं रुळांकडे पाहिलं.

"अजून गाडी आली नाही तिची," तो म्हणाला.

मी त्याला घरी घेऊन आले. हिंडणं संपलं.

आणि दुसऱ्याच दुपारी... स्वयंपाकघरातून आवाज आला.

सुर्रर्र.

दादा खुर्चीत बसला होता. समोर कुणी नाही. त्यानं हात पुढे केला, काहीतरी घेतलं, ओठांशी नेलं, ओढलं, परत दिलं. हात रिकामा होता. आवाज मात्र खरा होता.

मग रोज दुपारी तेच. जेवण तुटलं. अंग सुकत गेलं. दहादा पाणी ओतलेल्या पाल्यासारखा फिक्कट झाला माझा भाऊ. डॉक्टर म्हणाले, काही सापडत नाही.

मी रडले, भांडले, देवाची शपथ घातली.

"एकदा म्हण रे, दादा! एक शब्द आहे!"

"एकटी आहे गं ती. सगळे सोडून गेले तिला. शब्द दिलाय मी."

"आणि मी? मी नाही एकटी पडणार?"

त्यानं माझा हात हातात घेतला. थंड हात.

"तू कुठे बसतेस गं कधी, मिर्ते."

हे लागलं मला. अजून लागतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी त्यानं दाढी केली. बसवाल्याचा जुना निळा शर्ट घातला. बूट पुसले आणि खुर्चीत जाऊन बसला. मी पुढच्या खोलीत मशीनवर होते. पाय चालत होता, आणि मशीनच्या खडखडाटातून लांबून काहीतरी ऐकू आलं... मी पाय थांबवला.

गाडीची शिट्टी.

आमच्या घराच्या आसपास कुठेही रेल्वे नाही.

मग दादाचा आवाज आला. स्वच्छ, पूर्वीसारखा.

"धन्यवाद, आजी."

म्हणाला! अखेर म्हणाला तो! मी हातातलं कापड टाकून धावले. हसत होते मी धावताना.

दादा खुर्चीत बसला होता. हात पुढे, काहीतरी परत दिल्यासारखा. डोळे उघडे. ओठ हिरवे. छातीवर शर्ट ओला झालेला, आणि तो ओलावा अजून कढत होता.

श्वास नव्हता.

हे सगळं मी आज लिहितेय, कारण मागच्या आठवड्यापासून मला दुपार नकोशी झालीय. जेवणं झाली, गल्ली झोपली, की बाहेरचे आवाज बंद होतात. एकदम. आणि मग स्वयंपाकघरातून, दादाच्या खुर्चीकडून, पाणी ओतल्याचा आवाज येतो.

ओढल्याचा नाही... ओतल्याचा.

मी आत जात नाही. दाराशी उभी राहते. तो हाक मारतो. आवाज त्याचाच आहे, मला फसवता येणार नाही.

"ये, मिर्ते. बस जरा. आता कसली घाई?"

म्हातारीला मी एका घोटात धन्यवाद म्हटलं होतं. ती माझी कोण होती?

त्याला कसं म्हणू?