जांभळाच्या वाईनचा वास

सिहोऱ्याला बसमधून उतरताना विनताची ओढणी दारात अडकली. ती सोडवायला जो धावला, त्याचे हात मनगटापर्यंत जांभळे होते.

"अरे, सॉरी जी… ओढणीला रंग लागला."

"आता शाळेत काय सांगू मी मुलांना?"

"सांगा, वाईनवाल्या आल्हादनं लावला. आणि शनिवारी आमच्या जांभळाच्या बागेत या — माफी मागतो नीट."

ती गेली. मग दर शनिवारी जाऊ लागली. आल्हादच्या घरी अजून जांभळं पायांनी तुडवत, रस मातीच्या रांजणांत आंबवत. रांजण कधी बंद करायचा, ते फक्त वासावरून ठरे. वडिलांचं, श्रीरंगकाकांचं वय झालेलं, नाकही थकलेलं. सारी भिस्त आल्हादवर.

"सांगा, कसला वास येऊन राहिला?" तो झाकण उचलून विचारी.

"ओल्या मातीचा… आणि थोडा — तुमचा."

तो हसला. मग त्यानं झाकण परत ठेवलं.

"विनता, मला वासच येत नाही. मागच्या तापात गेला, परत आलाच नाही."

"काकांना काहून नाही सांगितलं?"

"त्यांना दुसरं काय आहे या बागेशिवाय?"

तेव्हापासून ती त्याच्यासाठी वास घेऊ लागली. एकाच रांजणावर दोघं वाकत, कपाळाला कपाळ लागे, आणि वाकून झालं तरी कुणी लवकर सरकत नसे.

श्रावणात ती राखीला भावाकडे नागपूरला गेली, आठवडाभर राहिली. परतली तेव्हा आल्हादनं अंदाजानं रांजण बंद केले होते. त्यानं मोठ्या उमेदीनं पहिलं झाकण उचललं. ती वाकली… आणि मागे सरली.

"बोल ना."

खोटं बोलावं, असं तिला फार वाटलं. "वाईनचा सिरका झाला, आल्हाद."

दुसरा रांजण. तिसरा. सगळेच.

त्या संध्याकाळी त्यानं वडिलांना सारं सांगितलं. श्रीरंगकाका प्रत्येक रांजणावर हात फिरवत गेले. शेवटी म्हणाले, "चलो बेटा, झालं आपलं. बाग विकून टाकू."

आल्हादला रायपूरला नोकरी लागली. बसस्टँडवर विनता त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी आहे ना. बाग नको विकू. मी रोज येईन."

"जन्मभर तुला विचारत राहीन, विनता. आणि एक दिवस माझं मन राखायला तू खोटं बोलशील."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माझंही आहे… म्हणून तर जातो."

तो वाकला, तिच्या केसांत तोंड खुपसून त्यानं खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग भरल्या डोळ्यांनी हळूच म्हणाला, "काहीच नाही गं."

आणि बसमध्ये चढला.