पोवळी अळंबीची चव

अळंबी ओळखताना डोळ्यांइतकाच जिभेवर भरवसा ठेवावा लागतो. इवलासा तुकडा पुढच्या दातांनी चावायचा, जिभेवर घोळवायचा आणि थुंकायचा. गिळायचा मात्र नाही. आम्हा टास्मानियातल्या हौशी अळंबीवाल्यांची ही जुनी सवय; नवख्यांना तो आचरटपणा वाटतो.

वाराटा गावाच्या खालच्या दरीत, कुजलेल्या मर्टल झाडाच्या ओंडक्यावर, क्लेमला ती पोवळी अळंबी सापडली. वीतभर उंच, फिकट गुलाबी, पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेली, प्रत्येक फांदीच्या टोकाला बारीकसा मुकुट. क्लेम म्हणजे माझ्या दिवंगत बहिणीचा, ऊनाचा नवरा. ही दरी जंगलतोडीतून वाचावी म्हणून त्याने उभी हयात भांडणात घालवली होती, आणि सोमवारी करवती येणार होत्या. अळंबी तिखट लागली तर नेहमीची जात. तिखट नसेल तर दुर्मिळ, कायद्याने राखलेली. मग तोड थांबवावीच लागणार होती.

"तू चाख," तो म्हणाला. "माझी जीभ तुझ्या स्वयंपाकाने केव्हाच मेलीय."

"मग आधी तूच चाख. मेलेल्याला कसली भीती?"

त्याने चावली. बराच वेळ थुंकलाच नाही.

"जॅम," तो हळूच म्हणाला. "प्लमचा. ऊनाचा, तळाला लागलेला."

मला रागच आला. तिच्या नावाने केलेली थट्टा मला सोसत नाही. मी दुसरी फांदी मोडून चावली. गोड, आंबट, मग करपट. ऊना गेल्यापासून ती चव माझ्या तोंडाला लागली नव्हती. डोळे भरून आले.

"तिचाच ना?" त्याने विचारलं.

"चूळ भर आधी. सकाळी पावाला काय लावलं होतंस?"

"नुसतं लोणी."

नमुन्यासाठी डबा आणायला तो वर गाडीकडे गेला. मी थर्मासमधल्या चहाने चूळ भरली, तोंड निवू दिलं आणि तिसरी फांदी चावली.

जॅम नव्हता.

निलगिरीच्या खोकल्याच्या गोळ्या. ओली लोकर. शेकोटीचा धूर. क्लेम शेजारी येऊन बसला की येतो तो वास, आता जिभेवर. आधी याच अळंबीने गेलेल्या माणसाची चव दिली होती.

मी थुंकले. पुन्हा थुंकले.

वरून त्याची शीळ ऐकू येत होती.

"नोरीन! तिखट लागली का गं?"

"नाही," मी म्हणाले. "अजिबात तिखट नाही."

तो आनंदाने ओरडला आणि डबा वाजवत, शेवाळलेल्या उतारावरून खाली धावत सुटला.