ताशा हळू वाजवणारी मुलगी

ताशा वाजवणाऱ्याला ‘जरा हळू’ म्हणणं म्हणजे ठेच्याला ‘जरा गोड हो’ म्हणण्यासारखं आहे. तरी एक जण म्हणाला! आणि कुठे, तर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमागच्या मैदानात, ढोलताशा पथकाचा सराव ऐन रंगात आलेला असताना, थेट मधोमध येऊन.

उंच, सावळा, जरा वाकून चालणारा. उजवी बाजू डोक्यापासून चपलेपर्यंत चिखलाने माखलेली, डावी बाजू मात्र इस्त्रीची. त्याने हात वर केला आणि ढोल एकेक करून गप्प झाले.

“आला तक्रारवाला,” पथकप्रमुख सर्वेश पुटपुटला. “ओ भाऊ, परवानगी आहे आपल्याकडे!”

“तक्रार नाही हो. बंद नका करू. मला फक्त ह्यांच्याशी बोलायचंय...” असं म्हणून त्याने सरळ ऋतिकाकडे बोट केलं. ढोलवाल्यांना तेवढंच हवं होतं. सगळे एका सुरात “ओऽऽऽ” करून ओरडले.

“माझ्याशी? का?” ऋतिकाने काड्या कमरेला खोचल्या. पुढच्या रांगेत मधोमध उभं राहून सगळ्या पथकाला चाल देणारी ही मुलगी कुणाला भीत नसे.

“तुमचा ताशा सगळ्यात स्वच्छ वाजतो. आमच्या तबेल्यापर्यंत वेगळा ऐकू येतो. आमची घोडी त्याला घाबरते... आत्ताच मला पाडून गेली.”

“मग सॉरी म्हणू?”

“नको. रोज थोडा वेळ तिच्यासमोर येऊन वाजवाल का? पण... हळू.”

ऋतिका खदखदून हसली. पुढे बोलायला तोंड उघडलं, तर तो अजूनही तसाच उभा होता, शांतपणे वाट बघत. घाई नाही, विनवणी नाही. ह्या मुंबईत उत्तराची एवढी निवांत वाट बघणारा माणूस तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

“येते उद्या,” ती म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली.

ऋतिकाचं सगळंच उफराटं. दिवसभर बोरीवलीच्या एका दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची, आजी-आजोबांना ऐकायचं मशीन बसवून द्यायची. आणि संध्याकाळी ताशा बांधून सेक्टरभर धुमाकूळ घालायची. “सकाळी लोकांचे कान दुरुस्त करता, नि सांजेक फोडता!” असं तिची आई, जयंती, शेजारणींना अस्सल मालवणीत सांगायची. त्यात तक्रार कमी आणि कौतुकच जास्त असायचं.

तर दुसऱ्या संध्याकाळी ही बया ताशा घेऊन तबेल्यात हजर. तिवरांच्या कडेला रत्नप्रभाबाईंचा तो लहानसा तबेला. मुलांना घोड्यावर बसायला शिकवण्यासाठी त्यांनी तो काढला होता. घोडे शिकवणारा हा, देवव्रत. मुलुंडचा. वडील बँकेत, आई शाळेत, आणि हा घोड्यांत! घोडीचं नाव काजू. रंगाने तश्शीच, फिकट पिवळसर, डोळे मात्र काळेभोर आणि कायम दचकलेले.

“पूर्वी ती वरातीत असायची,” देवव्रत म्हणाला. “एकदा पायाखाली फटाक्यांची माळ फुटली. तेव्हापासून बँड म्हणू नका, ढोल म्हणू नका... मागच्या वर्षी गणपतीच्या आगमनात कुंपणावरून उडी मारली आणि पाय फाडून घेतला. ह्या वर्षी त्या दिवशी ती टिकली नाही, तर रत्नप्रभाबाई तिला कर्जतच्या फार्मवर पाठवणार. कायमचं.”

“आणि तुम्ही?”

“मीही तिच्याबरोबर. ती दुसऱ्या कुणाच्या हातून खातच नाही.”

‘बरं मग, जा,’ असं ऋतिकाला त्या दिवशी वाटलं. पुढे वाटेनासं झालं, ती गोष्ट वेगळी.

त्याने तिला लांब फाटकाशी उभं केलं, तेही पाठमोरं. काड्या नाहीत, नुसती बोटं. ताशावर बोटांनी टिकटिक केली, तर काजूने मान ताठ केली, नाकपुड्या फुलवल्या, पाय नाचवले. देवव्रत तिच्याजवळ होता, पण दोरी सैल. ओढणं नाही, चुचकारणं नाही. मग काजूचे पाय जागच्या जागी थांबले.

“बस. थांबा. आणि दोन पावलं लांब जा.”

“अहो, आत्ता कुठे सुरू केलं मी!”

“तेच तर. ती शांत उभी राहिली की आवाज थांबतो, हे तिला कळू दे. एकदा कळलं ना, की तिला पळावं लागणार नाही.”

“म्हणजे मी इथे वाजवायला नाही, थांबायला आलेय?”

“वाजवणारे खूप आहेत,” तो म्हणाला. आणि असा हसला, की ऋतिकाची बोटं आपोआप ताशावर वाजायला लागली. काजूने परत कान टवकारले. “थांबा!” “सॉरी, सॉरी!”

असं करत करत संध्याकाळी सरायला लागल्या. श्रावणातली एखादी सर यायची, पत्र्यावर तडतडायची, आणि दोघं गवताच्या पेंढ्यांवर बसून चहा प्यायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कुणालाच कळलं नाही. फाटकापासूनचं अंतर कमी होत गेलं. बोटांच्या जागी काड्या आल्या. काजू मान खाली घालून, तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळल्यासारखं करायची. “हे बघ, हे केलं की समजायचं, तिचा जीव भांड्यात पडला,” तो सांगायचा. ऋतिका घोडीकडे बघायची आणि मग... त्याच्याकडेच बघत राहायची. तो कधी आवाज चढवायचा नाही. घोडीने पाडलं तरी उठून कपडे झटकायचा आणि आधी तिला विचारायचा, “काय गं, लागलं का तुला?” असं माणूस असतं? तिला खरंच नवल वाटायचं.

एकदा तो चक्क दवाखान्यात उगवला. “कान तपासायचेत.” तिने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं.

“आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी. कळलं?”

त्याने मान हलवली. ती काचेपलीकडे बसली. दिवा लागला... पुन्हा लागला... पुन्हा. तिने माइक चालू केला. “ओ पेशंट! मी अजून आवाज दिलाच नाही!”

“हो? पण तू बघितलंस ना माझ्याकडे... मला वाटलं, दिलास.”

कानांच्या त्या बंद खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नाही म्हणून बरं. नाहीतर ऋतिकाच्या छातीतला ठोका त्याला नक्की ऐकू गेला असता. तिने वाट बघितली. आता बोलेल, मग बोलेल... तर हा शहाणा कानांचा रिपोर्ट घेऊन ‘येतो’ म्हणून गेला की हो!

आणि मग ऋतिकाने माती खाल्ली.

रविवार होता. पथकातली मंडळी तिचं घोडीशिक्षण बघायला तबेल्याच्या कुंपणाशी जमली होती. काजू झकास उभी होती, ऋतिका हाताच्या अंतरावर वाजवत होती. शिट्ट्या पडल्या. “ऋतिका, एक तर्री वाजू दे!” देवव्रतने हात वर केला, “बस.” तिने तो हात बघितला. बघूनही तिला वाटलं, एवढी मस्त उभी आहे, अजून थोडं... काड्या भरारा फिरल्या, तर्री अशी कडाडली की पत्रे थरथरले.

काजू मागच्या पायांवर उभी राहिली. देवव्रतला धक्का देऊन ती उधळली, ती थेट अंगणाच्या टोकाला. तो खांद्यावर आपटला. मंडळी गुपचूप पांगली.

“देवव्रत! खूप लागलं? मी... वाट लावली मी सगळ्याची.”

“खांदा होईल बरा.” तो काजूकडे बघत होता. तिच्या अंगावर काटा उभा होता, आणि डोळे ऋतिकावर.

“रागाव ना माझ्यावर!”

“रागावून काय होणार? तिला वाटलं होतं, तू थांबशील. आता परत वाटायला वेळ लागेल.”

तो ओरडला असता तर परवडलं असतं. ऋतिका घरी गेली ती रडतच. आगमन तोंडावर आलं होतं. घोडी जाणार, तो जाणार, आणि कारण कोण? आपण! हौसेपायी!

दुसऱ्या दिवशी ती ताशाशिवाय गेली. अंगणात बादली उपडी घातली आणि काजूकडे पाठ करून बसली. काजू लांब कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. पाऊस आला, तरी ही हलली नाही. देवव्रत पडवीतून बघायचा. ज्या मुलीला चहा निवेपर्यंत धीर धरवत नाही, ती भिजत बसलीय, ह्याचं त्याला नवल वाटायचं. पण तिला तसं सांगायला तो काही पडवीतून उतरला नाही.

आणि एका संध्याकाळी तिच्या मानेवर ऊन ऊन श्वास आला. मग केसांत मऊ ओलं नाक. ऋतिकाचे डोळे घळाघळा वाहायला लागले, पण तिने बोटसुद्धा हलवलं नाही. काजू तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

“माफ केलं तिने,” देवव्रत हळूच म्हणाला.

“तिने केलं. तू?”

“मी रागावलोच नव्हतो.”

“तोच तर प्रॉब्लेम आहे तुझा!” ऋतिका उठलीच. “रागावत नाहीस, मागत नाहीस, बोलत नाहीस. नुसता उभा राहतोस, समोरचा आपणहून येईपर्यंत. अरे, घोडीला चालतं ते. मी घोडी नाही, देवव्रत! माणसांना विचारावं लागतं.”

तो काजूच्या आयाळीतून बोटं फिरवायला लागला. ऋतिकाने तोंड फिरवलं आणि ती गेली.

आगमनाचा दिवस उजाडला. तबेल्याच्या फाटकाशी सकाळपासून कर्जतचा टेम्पो उभा, शेजारी रत्नप्रभाबाई, हाताची घडी घालून. दुपारी मिरवणूक वळणावर आली. पुढे भगवे ध्वज, मग ताशे, मग ढोल, मागे ट्रॉलीवर मुखवस्त्र घातलेले बाप्पा. रस्ता माणसांनी फुललेला. ऋतिकाची आईही कुंपणाशी उभी, नवी साडी नेसून.

ऋतिका वाजवत होती, पण नजर कुंपणापलीकडे. काजू अंगणाच्या मधोमध होती. बांधलेली नव्हती. देवव्रत शेजारी, दोरी सैल. ह्याही वेळेला सैलच ठेवलीय ह्याने! घोडीची मान ताठ. कान ताठ. पुढचा एक पाय उचललेला, थरथरणारा. आता आणखी एक ठोका पडला असता, तर...

ऋतिकाने दोन्ही काड्या डोक्यावर नेऊन फुली केली. सगळं पथक जागच्या जागी थांबलं. चारकोप एकदम सुनं झालं.

“काय झालं गं?” सर्वेश धावत आला. “काडी तुटली?”

“एक मिनिट, सर्वेश. घोडी विचार करतेय.”

“काय करतेय?”

“शूऽऽ!”

आणि काय सांगू, सगळा रस्ता थांबला. बाल्कन्यांतल्या बायका थांबल्या, ट्रॉली ओढणारे थांबले. काजूने पाय खाली टेकला. लांब श्वास सोडला, मान खाली आली, आणि ती चघळायला लागली. ऋतिकाने एकटीने ताशा धरला, हळू, अगदी हळू. मग एका ढोलाला मान हलवून खूण केली, मग दुसऱ्याला. आवाज भरत गेला. काजू पळाली नाही. ती चालायला लागली, कुंपणाच्या आतून, ऋतिकाच्या बरोबरीने, डौलात! लोकांनी टाळ्या वाजवल्या. रत्नप्रभाबाईंनी डोळे पुसले आणि टेम्पोवाल्याला सांगितलं, “जा बाबा तू. कोणी कुठे जात नाही.”

कुंपण संपत आलं. काजूच्या शेजारी चालणारा देवव्रत काहीतरी म्हणाला. ढोलांत कसलं ऐकू येणार? त्याने पुन्हा तोंड उघडलं, या वेळेस चक्क ओरडून. तरी नाही.

फुली. पथक पुन्हा गप्प. सर्वेशने कपाळाला हात लावला.

“काय म्हणालास?” ऋतिकाने विचारलं.

देवव्रतने आजूबाजूला बघितलं. अख्खा सेक्टर त्याच्याकडे बघत होता. तो लालबुंद झाला. सोडून देता आलं असतं. ‘काही नाही’ म्हणता आलं असतं. ऋतिकाने डोळे मिटून घेतले, तो तेच म्हणेल असं तिला वाटलं.

“म्हटलं, मला तू आवडतेस,” तो म्हणाला. आवाज फाटला, पण थांबला नाही. “खूप. पहिल्या दिवसापासून. आणि मी विचारतोय, ऋतिका... राहशील माझ्याबरोबर? कायमची?”

कुणीतरी शिट्टी मारली. ऋतिकाने डोळे उघडले. ते भरून आले होते. ‘हो’ म्हणायचं होतं, पण एवढ्या बडबड्या मुलीच्या तोंडून नेमका तेव्हाच आवाज फुटेना.

“गो बाये!” कुंपणाशी उभी असलेली आई ओरडली. “हो म्हण नि वाजव! बाप्पा खोळंबलो हा!”

“हो!” ऋतिका म्हणाली. “हो रे, हो!”

तिने काड्या उचलल्या. पहिलाच ठोका साफ चुकला, आणि अख्ख्या पथकाने तो तसाच चुकलेला उचलला.