दादाचं जेवण व्हायचंय

दादाच्या ताटल्या बांधायला म्हणून मी दुपारी फरीदाबादला गेलो. तो जाऊन चौदा दिवस झाले होते. वृंदावहिनी ऑफिस सुटल्यावर येणार होती. विदेशी कंपनीत लागल्यावर दादाने घेतलेला हा फ्लॅट. मजल्यावर दुसरं कोणी राहायला आलेलं नव्हतं.

दादाला इटालियन वस्तूंचं वेड. एम्बसीतली माणसं बदली झाली की सामान विकून जातात, त्यांच्याकडून आणायचा. पन्नासच्या दशकातल्या सहा ताटल्या, प्रत्येकीवर हाताने काढलेला काळा मासा. सोबत चांदीचे काटे-चमचे. त्यात कुणाला जेवू द्यायचा नाही. "या बघायच्या असतात रे."

गेल्या दिवाळीत मी हट्टाने एकीत चिवडा घेतला आणि ती फोडली. तुकडे मीच कचऱ्यात टाकले. "सेट मोडलास," एवढंच म्हणाला. मग बोलला नाही माझ्याशी. शेवटपर्यंत नाही.

तीन ताटल्या पुसून खोक्यात बांधल्या. खोलीभर चांदी घासायच्या पावडरीचा वास. भूक लागली, वहिनीने दिलेला डबा उघडला. मला काय झालं कोण जाणे, उरलेल्या दोन टेबलावर मांडल्या. वरणभात वाढला. दादाच्या ताटलीजवळ चांदीचा चमचा ठेवला, भोवती पाणी फिरवलं.

"दादा, एकदा तरी माझ्यासोबत जेव."

मी जेवलो. उठायला गेलो, तर समोरचा चमचा ताटलीवर वाजला.

आमच्याकडे मोठा उठल्याशिवाय धाकट्याने पानावरून उठायचं नसतं. बसलो. आवाज थांबला. पुन्हा उठलो. पुन्हा टिण्... त्याचा भात होता तेवढाच. माझा खरकटा हात वाळून गेला. ऊन भिंतीवरून खाली उतरलं.

"दादा... जाऊ दे ना रे."

टिण्.

बेल वाजली. "चिन्मय, उघड ना यार. किती वेळ?"

"उठता येत नाहीये, वहिनी."

"म्हणजे?"

"दादाचं जेवण व्हायचंय..."

 मग तिची चावी फिरली. आत येऊन ती टेबलाकडे बघत राहिली.

"तीन कशाला मांडल्यास?"

माझ्या डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागी, तिसरी ताटली होती. खोक्याची सुतळी तशीच बांधलेली. ही मी फोडलेली. कुठे तडा नाही, जोड नाही. डबा कधीच रिकामा झाला होता, आणि हिच्यातल्या भाताला वाफ येत होती.

"वहिनी... बसू नकोस."

तिने खांद्यावरची पर्स काढली आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीला अडकवली.